येते पाणी, जाते पाणी

मुंबई महापालिकेचा १८८८ चा अधिनियम ज्यांनी सवडीने चाळला असेल, त्यांना त्यातील करआकारणीच्या प्रकरणात दोन कर शेजारी-शेजारी बसलेले आढळले असतील: एक घरात येणाऱ्या पाण्याबद्दलची पाणीपट्टी, आणि दुसरा घरातला मैला उचलून नेण्याबद्दलचा हलालखोर कर. पहिल्याच्या पाठीशी विहार आणि तुळशी ही जलाशये, जमिनीखालून मैलोगणती पसरलेले बिडाचे नळ आणि त्यांचे नकाशे सांभाळणारे अभियंत्यांचे दफ्तर उभे होते. दुसऱ्याच्या पाठीशी दोन इमारतींच्या मधल्या अरुंद घरगल्लीतून मागच्या दाराशी येणारा, भरलेली टोपली डोक्यावर घेऊन निघून जाणारा एक माणूस उभा होता, आणि त्याचे तोंड त्या घरातील कोणीही सहसा पाहिलेले नसे. सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा इतिहास आपल्याकडे आजवर सांगितला गेला तो बहुतांशी पहिल्या कराच्या बाजूने. धरण कोणी बांधले, नळ कोठवर गेले, किती गावांची तहान भागली, याची बेरीज पिढ्यान्‌पिढ्या होत आली. माझे म्हणणे इतकेच की, ही बेरीज एकेरी नोंदीच्या खतावणीतली आहे. पाण्याचे येणे ही आपण राज्यकारभाराची बाब मानली, जाणे मात्र प्रथम एका जातीच्या आणि ती व्यवस्था मोडकळीस आल्यावर नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावांच्या माथी मारले, आणि यामुळेच ज्याला आपण सेवेचा विस्तार म्हणतो तो पुष्कळदा केवळ उपद्रवाचे स्थलांतर ठरला.

ही सवय इंग्रजांनी आणलेली नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून पुणे शहरापर्यंत जो बंदिस्त नळ बांधण्यात आला तो त्या काळच्या स्थापत्याचा खरोखरीच अभिमानास्पद नमुना होय. केवळ उताराच्या आधाराने पाणी कित्येक मैल वाहत आणणे, वाटेत जागोजाग उच्छ्वास ठेवून हवेला वाट देणे आणि गाळ बसू देणे, आणि शेवटी ते शनिवारवाड्यात व पेठापेठांच्या हौदांत खेळवणे, यामागील हिशेबीपणा आजच्या अभियंत्यालाही मान डोलवायला लावील. परंतु ज्या शहराने पाण्याचा उतार इतक्या काटेकोरपणे मोजला त्या शहराने सांडपाण्यासाठी तशी मोजणी केलेली दिसत नाही. ते परसातल्या खाचरात, रस्त्याच्या कडेच्या मोरीत आणि शेवटी नागझरीत किंवा मुठेत जाई. शिवाय त्या हौदांवर हंडा बुडवण्याचा अधिकार सर्वांना नव्हताच. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, ही घटना आपण समाजसुधारणेच्या प्रकरणात वाचतो. मला ती पाणीपुरवठ्याच्या इतिहासातली वाटते, कारण पुण्यात त्या दिवशी एक इंचही नवा नळ न घालता पाण्याची सेवा विस्तारली. पुढे याच जोतीरावांनी पुण्याच्या नगरपालिकेत सभासद म्हणून काम केले, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मुंबईची कथा अधिक बोधप्रद आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे रेंगाळणे भाग आहे. तळी आणि विहिरी यांवर जगणाऱ्या त्या बेटाला १८५४ च्या टंचाईने हादरवले, आणि हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये सुरू झालेले विहार तलावाचे काम १८६० मध्ये पुरे होऊन साष्टीतल्या टेकड्यांचे पाणी नळाने शहरात आले. हिंदुस्थानातील आधुनिक नागरी पाणीपुरवठ्याचा आरंभ येथून मानतात. याच कॉनिबेअरने शहराच्या आरोग्यविषयक गरजांवर अहवालही लिहिला होता, तेव्हा पाणी आणि मोऱ्या हा एकच प्रश्न आहे याची जाणीव त्या वेळी नव्हती असे कोणी म्हणू नये. परंतु पाण्याचे काम तडीस गेले, आणि मोऱ्यांच्या कामावर आराखड्यांमागून आराखडे, समित्यांमागून समित्या आणि खर्चाच्या वादामागून वाद होत वीस-पंचवीस वर्षे निघून गेली. दरम्यान काय झाले असेल ते सांगायला तज्ज्ञ नको. जे शहर पूर्वी घागरीने पाणी ओढी, ते आता नळाने ओतू लागले. आणि ज्या सखल, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीला भरतीच्या वेळी स्वतःचेच पाणी बाहेर टाकणे अवघड, तिच्यात हे नवे पाणी मुरत आणि साचत गेले. दुष्काळापुरता जो उपाय केला होता, त्याने शहराची जमीनच ओली करून ठेवली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत प्लेग प्रकटला. तो प्रथम ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्यानंतर पालिकेने पहिला मोर्चा वळवला तो मोऱ्यांकडे. कार्बोलिक मिसळलेले समुद्राचे पाणी लाखो गॅलन गटारांतून सोडण्यात आले, कारण रोग घाणीच्या वाफेतून पसरतो असा त्या काळच्या वैद्यकाचाही समज होता. पिसू आणि उंदीर यांचा मामला पुढे उलगडला. उपाय चुकीचा होता, पण त्या चुकीत एक कबुली दडलेली आहे: वर्षानुवर्षे ज्या मोऱ्यांचे काम रखडले, त्यांची आठवण सरकारला आली ती माणसे मरू लागल्यावर. पुढे १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रस्ते रुंद झाले, आणि गलिच्छ वस्त्या पाडल्याने बेघर झालेले लोक पुष्कळसे शेजारच्याच गल्लीत अधिक दाटीने राहू लागले. पण तो निराळा विषय.

तानसा १८९२ मध्ये आला, मोडकसागर १९५० च्या दशकात, त्यापुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबई रोज पावणेचार-चार हजार दशलक्ष लिटर पाणी घेते आणि त्यातील निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचे असते. शंभर किलोमीटर दूरच्या डोंगराळ प्रदेशाला एका शहराच्या घशाशी जोडणारी ही व्यवस्था म्हणजे प्रादेशिक नियोजनच होय, मग तिला ते नाव कोणी दिलेले असो वा नसो. मात्र या प्रदेशात शहापूर तालुकाही येतो. उन्हाळ्यात, चैत्र सरता सरता, त्या तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. विहिरीत सोडलेल्या टँकरच्या पाण्यासाठी कठड्याभोवती बायकांची झुंबड उडते, आणि त्याच तालुक्यातल्या धरणांचे पाणी पुरुषभर उंचीच्या नळांतून मुंबईकडे धावत असते. पाण्याच्या मागणीचा हात शंभर किलोमीटर लांब होतो, आणि वाटपाचा हात नळाच्या दोन्ही बाजूंच्या दहा किलोमीटरांतही पोहोचत नाही.

आणि त्या पाण्याच्या जाण्याचे काय? विहार तलावाचा सांडवा जेथून वाहतो तेथूनच मिठी नदीचा उगम होतो. हिंदुस्थानच्या पहिल्या आधुनिक नागरी जलाशयातून ओसंडणारे पाणी घेऊन निघालेली ही नदी पवई, साकी नाका, कुर्ला ओलांडून माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत सांडपाण्याचा नाला झालेली असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्या दिवशी मुंबईकरांना कळले की आपल्या शहरात एक नदी आहे. तोवर तिला नाला म्हणूनच ओळखत असत.

येथे महाडचा उल्लेख न करता पुढे जाणे मला अशक्य वाटते, कारण विस्तार या शब्दाची कसोटी तेथे लागली. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून आपले चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. हे सारे कागदोपत्री. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि मग तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यातून १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्य मिसळण्यात आले. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, त्याच तळ्याची ही कथा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे तीन दिवस कमी दहा वर्षांनी. नळाच्या लांबीचे आकडे देणाऱ्या प्रत्येक अहवालाशेजारी ही दहा वर्षे लिहून ठेवावीत असे मला वाटते.

आता ज्या मनाला पाण्याच्या स्पर्शाचा इतका विटाळ, त्याला मैल्याच्या वाहतुकीचा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्याकडे आयते होते. मैला वाहण्यासाठी माणसे जन्मालाच येत होती. मग मोऱ्यांवर पैसा कशाला खर्चावा? मुंबई सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी बर्वे समिती नेमली, १९९३ मध्ये संसदेने कोरडे संडास व डोक्यावरून मैला वाहणे यांना बंदी करणारा कायदा केला, आणि वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, पुन्हा नव्याने कायदा करावा लागला. एकाच गोष्टीसाठी दोनदा कायदा करावा लागतो याचा अर्थ कोणत्याही कारकुनाला समजतो.

या बाबतीत एका माणसाचे नाव आदराने घ्यावे लागते. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू देण्याची मागणी केली; ती नाकारली गेल्यावर अन्नत्याग केला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी स्वतः उपवास आरंभला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडासाची जी रचना अनेक वर्षांच्या खटपटीतून सिद्ध केली, तिच्यात मैल्याचे खत व्हावे, आणि तो हाताळण्यात किळस आणि जात या दोहोंना जागा राहू नये, असा दुहेरी हेतू होता. मला त्यांच्या कामात अध्यात्मापेक्षा व्यवहार अधिक दिसतो. कोकणातल्या ज्या खेड्यात मोठ्या गटारयोजनेला कधीच पैसा मिळणार नव्हता, तेथे जाणाऱ्या द्रव्याचा हिशेब घराच्या कुंपणातच मिटवणे हा शहाणपणाचा मार्ग होता. सरकारी योजनांनी त्यांचा गौरव केला आणि त्यांची मूळ कल्पना बाजूला ठेवली.

खेड्यांतील पाणीपुरवठ्याला खरी गती मिळाली ती १९७२ च्या दुष्काळाने. दख्खनच्या काळ्या कातळात हाताने विहीर खोदणे म्हणजे महिने घालवणे. त्या कातळाला दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे काही दिवसांत भेदू लागली, आणि गावोगाव विंधन विहिरी झाल्या. पण विहीर होणे वेगळे आणि पाणी मिळणे वेगळे. त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप हे मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेल्या नमुन्यांच्या नकला होत्या. सबंध गाव दिवसभर हापसू लागले की दांडा ढिला पडे आणि काही आठवड्यांत पंप बंद पडे. यावर तोडगा निघाला तो आपल्याच मुलखात. जालना येथील मिशनच्या कार्यशाळेत पोलादी पंप घडला, सोलापूरला एका स्वीडिश अभियंत्याने तो अधिक टिकाऊ केला, आणि त्या घडणीतून सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला, जो पुढे आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांत पोहोचला. मराठवाड्यातली बाई जो हापसा मारते तो जगातल्या दुसऱ्या टोकाची बाईही मारते, याचा आपल्याला फारसा अभिमान वाटत नाही. वाटायला हवा होता.

परंतु त्याच हापशाच्या ओट्याकडे पाहावे. हंडा भरताना सांडलेले, धुण्याचे, गुरांना पाजल्यावर उरलेले पाणी ओट्याच्या कडेने ओघळून जेथे साचते तेथे म्हैस बसते आणि डास होतात, आणि तेच पाणी झिरपत पुन्हा विहिरीत उतरते. शोषखड्डा घेण्याची शिफारस परिपत्रकात असते. खड्डा क्वचितच असतो. मुंबईत विहारच्या पाण्याने जे झाले त्याची ही वामनमूर्ती.

पंपांपाठोपाठ आल्या त्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना. १ जानेवारी १९७७ पासून राज्यात यासाठी स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले, जे आज महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणून ओळखले जाते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे जमिनीतले पाणी खारट आणि पिण्यास घातक, तेथे दूरच्या धरणातून एका नळाने अनेक गावांना पाणी देणे यावाचून गत्यंतर नव्हते. अकोल्याची ८४ खेडी योजना ही या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण. विचार निर्दोष होता. अडचण निघाली ती त्याच्या शेपटीला. पंपगृहाजवळच्या गावाला पाणी भरपूर, शेवटच्या गावाला आठ-पंधरा दिवसांनी. म्हणून शेवटचे गाव पाणीपट्टी भरत नाही, म्हणून वीजबिल थकते, म्हणून वीजजोड तोडला जातो, म्हणून पहिल्या गावाचेही पाणी बंद होते. नळाने गावे जोडली, पण गावांनी एकमेकांशी काही करार केला नव्हता. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस हाच त्या योजनेचा खरा सरकार होऊन बसला. दूरचे पाणी आणण्याच्या याच वाटेवर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जी रेल्वेगाडी धावली तिचे कौतुक देशभर झाले. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पहिल्या फेरीत गेले. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडेपर्यंत त्याच्या खोऱ्यात ऊस किती लागला, हा प्रश्न गाडीच्या शिट्टीत बुडून गेला.

माझ्या या म्हणण्याला एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. गरीब राज्याने प्रथम तहान भागवावी की प्रथम गटारे बांधावीत? तहानेने माणूस काही दिवसांत मरतो, घाणीने सावकाश. पैसा एकाच गोष्टीला पुरणार असेल तर ती गोष्ट पाणीच असली पाहिजे. मी हा युक्तिवाद विहीर आणि हापसा यांच्या बाबतीत मान्य करतो. परंतु नळ घरात गेला की हिशेब बदलतो. केंद्राच्या मार्गदर्शिकेनुसार गटारव्यवस्था असलेल्या शहराला दरडोई रोज १३५ लिटर पाणी द्यावयाचे असते, आणि दिलेल्या पाण्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे गृहीत धरून गटारे आखावयाची असतात. म्हणजे १३५ लिटर पाणी देणाऱ्याने त्याच क्षणी १०८ लिटर सांडपाणीही निर्माण केलेले असते. त्याचा खर्च पुढल्या वर्षावर ढकलता येतो, नाहीसा करता येत नाही. आजच्या जलजीवन मोहिमेत दरडोई ५५ लिटर पाणी घरोघरच्या नळाने खेड्यांत पोहोचवायचे आहे. हेतू उत्तम आहे. त्यातले बहुतेक पाणी गल्लीत येईल तेव्हा ते कोणाच्या दाराशी थांबेल, हे ठरवणारी व्यवस्था त्या नळाइतक्या घाईने उभी राहताना मला दिसत नाही.

आणि तहानेचा युक्तिवाद करणाऱ्यांना मी विचारीन, तहान कोणाची? पंचगंगेत कोल्हापुरातून जे येते ते इचलकरंजीच्या पिण्यात जाते. त्या शहरात २०१२ साली काविळीची साथ आली तेव्हा पाणी नव्हते असे नव्हे, पाणी होतेच. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते, आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. त्याच नदीच्या काठी पंढरपुरात आषाढीला लाखो वारकरी स्नान करतात. शहराची हद्द संपली की घाणीची जबाबदारी संपते, असा समज नगरपालिकांचा नकाशा पाहून झाला असावा, नदीचा नकाशा पाहून नव्हे. जलप्रदूषणावर १९६९ मध्येच स्वतंत्र कायदा करण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या आधी. कायद्यात आपण मागे नव्हतो.

दुसरी वाट नाही असेही नाही. नागपूरने भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला विकले, तेव्हा जाणाऱ्या पाण्याला खरीददार मिळाला, आणि खरीददार मिळताच ते स्वच्छ असण्याची चौकशी करणाराही मिळाला. त्याच शहरातले उरलेले सांडपाणी नाग नदीतून कन्हान, वैनगंगा आणि गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचते ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुण्याच्या बाबतीत तर खडकवासल्याच्या पाण्याचा साडेअकरा अब्ज घनफुटांचा कोटा ठरताना साडेसहा अब्ज घनफूट पाणी शुद्ध करून शेतीसाठी परत देण्याची अट करारातच घालण्यात आली होती, आणि मुंढव्याहून ते पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची व्यवस्थाही झाली. येणे आणि जाणे एकाच कागदावर लिहिले गेले, हे या इतिहासात फार क्वचित घडले आहे. मात्र दौंड-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे की कालव्यात येते त्याला शुद्ध म्हणवत नाही. ज्या कालवा सल्लागार समितीत दरवर्षी पुण्याला किती पाणी द्यावयाचे यावर मंत्र्यांसमोर घासाघीस होते, तिच्यापुढे परत आलेल्या पाण्याचे प्रमाण आणि त्याच्या तपासणीचा अहवाल त्याच बैठकीत, कोट्याच्या आकड्याआधी, वाचला जावा, आणि तो ऐकायला सोलापूर-पंढरपूरचा माणूसही बसलेला असावा. कोट्याची वाढ या दोन आकड्यांवर अवलंबून ठेवावी. पुण्याने परत दिलेले पाणी अटीत उतरत नसेल, तर त्या वर्षीचे वाढीव पाणी मंजूर करू नये, आणि ते का मंजूर झाले नाही हे पुणेकरांना पाणीपट्टीच्या बिलावर छापून कळवावे.